दलाल कीं जामीनदार? : ब्रसेल्स येथील एका मोटारपेढीची हकीकत



आपल्या भाषेंत ‘दलाल’ हा शब्द फारशा आदरानें उच्चारला जात नाहीं. शेतकरी राबतो, विणकर विणतो, कारखान्यांतला कामगार घाम गाळतो. दलाल मात्र या हातांतली वस्तु त्या हातांत देतो आणि मधल्या मध्यें आपला वाटा काढून घेतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदींच निराधार आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु क्षणभर अशी कल्पना करा कीं, खंडाळ्याच्या घाटांत मालानें भरलेली एक मालमोटार आंस मोडून उभी आहे. ती ज्या कारखान्यांत तयार झाली तो कारखाना समुद्रापलीकडे आहे. आंत भाजीपाला नासतो आहे, गाडीसाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज चढतें आहे, आणि मालक कपाळाला हात लावून बसला आहे. अशा वेळीं त्याला आठवण होते ती कारखानदाराची नव्हे. ज्यानें आपल्याला ही गाडी विकली त्या दुकानदाराची. त्याच्या कोठींत तेवढा एक आंस असेल तर गाडी उद्यां चालूं लागेल. नसेल तर एवढें मोलाचें यंत्र म्हणजे रस्त्याच्या कडेला पडलेलें लोखंड. त्या घटकेला तो दुकानदार नुसता दलाल राहत नाहीं. तो त्या यंत्राचा जामीनदार ठरतो.

परदेशांतून मोटारी व मालमोटारी आणून विकणाऱ्या माणसाला आपण दलाल म्हणावें कीं जामीनदार, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं मी आपल्याला युरोपांतील बेल्जम या लहानशा देशांत नेणार आहें. क्षेत्रफळानें हा देश आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम एकदशांश भरेल. तेथील ब्रसेल्स या राजधानींत डीतेरेन नांवाची एक पेढी आहे. ती १८०५ सालीं निघाली आणि आजही चालू आहे. दोन शतकांहून अधिक काळ टिकलेल्या या पेढीनें आपला धंदा एकदां नव्हे, अनेकदां मुळापासून बदलला. त्या बदलांत पेढी तरली; परंतु तिच्या आश्रयानें काम करणारे सर्वच हात तरले असें मात्र नाहीं. ही हकीकत नुसती कौतुकाची नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

१८०५ सालीं बेल्जम या नांवाचें स्वतंत्र राज्यच नव्हतें. ब्रसेल्सवर नेपोलियनचा अंमल होता. त्या वर्षीं डीतेरेन आडनांवाच्या एका कारागिरानें तेथें चाकें व घोडागाड्या तयार करण्याचा कारखाना घातला. पुढें दहा वर्षांनीं वॉटर्लूच्या लढाईंत नेपोलियनची सत्ता संपली, हा मुलूख हॉलंडच्या राजाकडे गेला, आणि १८३० सालीं उठाव होऊन बेल्जम स्वतंत्र झाला. राज्यें बदललीं तरी चाकें लागतच होतीं. हें काम किती नाजूक असतें तें आपल्या खेड्यांतील सुताराला समजावून सांगावयास नको. तुंबा घट्ट बसला पाहिजे, आरे एका मापाचे पाहिजेत, आणि तापवून लाल केलेली लोखंडी धाव घेरावर चढवून पाणी ओततांच ती अशी आंवळली पाहिजे कीं सारें चाक एकजीव व्हावें. बापानें मुलाला आणि उस्तादानें शागिर्दाला हाताला धरून शिकवावयाची ही विद्या. पेढीचें भांडवल म्हणजे हीच विद्या होती.

१८३५ सालच्या मे महिन्यांत ब्रसेल्स आणि मेखेलेन या दोन गांवांच्या दरम्यान आगगाडी धांवूं लागली. युरोप खंडावरील अगदीं पहिल्या लोहमार्गांपैकीं हा एक. आतां घोडागाडीचे दिवस भरले असें वाटणें साहजिक होतें. परंतु घडलें तें उलटेंच. आगगाडीनें माणसांची व मालाची ये-जा वाढली. आणि स्टेशनावर उतरलेल्या माणसाला घरापर्यंत, व उतरलेल्या मालाला वखारीपर्यंत नेण्यास गाडी लागतेच. त्यामुळें लोहमार्गानें घोडागाडीला मारलें नाहीं; तिला लांब पल्ल्यावरून जवळच्या पल्ल्यावर आणलें इतकेंच. डीतेरेन घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनीं तें शतक घोडागाड्यांवरच काढलें.

शतकाच्या अखेरीस मोटार आली. तिनेंही प्रथम गाडीकारागिरांचें फारसें बिघडविलें नाहीं. त्या काळीं मोटारीचा कारखाना इंजिन, चाकें आणि खालचा सांगाडा एवढेंच तयार करून देई. त्यावरचा साटा, बैठकी, दारें व छप्पर हें सारें गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावयाचें, अशी रीत होती. लांकडाची चौकट, तिच्यावर पत्रा, आंत कातडें आणि बाहेर रोगणाचे एकावर एक हात. सारांश, घोडा जाऊन इंजिन आलें, पण वरची गाडी पूर्वीच्याच हातांनीं घडत राहिली. डीतेरेन पेढी या कामांत शिरली. १९०६ सालीं ती ब्रसेल्समधील इक्सेल या भागांत, रू द्यू माय नांवाच्या रस्त्यावर, प्रशस्त जागेंत गेली. पेढीचें नांव त्या रस्त्याशीं पुढें कायमचें जोडलें गेलें.

या धंद्याचा खरा शत्रु मोटार नव्हती. शत्रु होतें तें दाबयंत्र. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंत प्रचंड दाबयंत्रांच्या साहाय्यानें पोलादी पत्र्याचे साटे ठोकून काढण्याची पद्धति रूढ होत गेली. जें काम करण्यास कुशल सुतार, लोहार, चर्मकार आणि रंगारी यांना आठवडेच्या आठवडे लागत, तें आतां कारखान्यांत झपाट्यानें आणि थोड्या पैशांत होऊं लागलें. अशा दाबयंत्राला लागणारें भांडवल एका घराण्याच्या कारखान्याला कोठून परवडणार? आणि एकदां तें बसविल्यावर त्याचा खर्च निघावा म्हणून वर्षाला हजारों गाड्या खपवाव्या लागतात; तेवढीं गिऱ्हाइकें लहान देशांत मिळावयाचीं कोठून? तशांत १९२९ सालीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. स्वतःच्या आवडीची गाडी बांधवून घेणारे धनिक कमी झाले, आणि सव्वाशें वर्षें जतन केलेल्या विद्येला गिऱ्हाईक उरलें नाहीं.

अशा वेळीं पेढीपुढें एक मार्ग असा होता कीं, स्वतःच संपूर्ण मोटारी बनवाव्या. बेल्जमांत तसें करणारे कारखानदार कांहीं थोडे नव्हते. अँटवर्पची मिनर्व्हा कंपनी श्रीमंतांच्या मोटारी करी आणि मालमोटारीही करी. लिएजजवळ हेर्स्ताल येथें बंदुकांचा कारखाना मोटारी व मालमोटारी काढी. ब्रसेल्समध्यें म्येस आणि ब्रोसेल या दोन कंपन्या मालमोटारींसाठीं प्रसिद्ध होत्या. कसबांत यांपैकीं कोणी कमी नव्हते. परंतु आज यांतील एकाही नांवाची मालमोटार तयार होत नाहीं. मिनर्व्हाचें दिवाळें १९३४ सालीं वाजलें. पुढें, दुसऱ्या महायुद्धानंतर, तें नांव इंग्रजी बनावटीच्या लँड रोव्हर गाड्या परवान्यानें जोडण्यापुरतें उरलें. ब्रोसेल इंग्लंडच्या लेलँड कंपनीच्या पोटांत गेली. म्येसचा कारखानाही अखेर थंडावला. याचें कारण त्यांच्या मालांत शोधण्यापेक्षां देशाच्या लहानपणांत शोधावें लागेल. ज्या यंत्राचा खर्च वर्षाला लाखभर गाड्यांवर वांटला जातो, त्याच्याशीं कांहीं शेंकडे गाड्या काढणाऱ्यानें किमतीच्या बाबतींत झुंज द्यावी कशी?

डीतेरेन पेढीनें दुसरा मार्ग पत्करला. तिनें स्वतः बांधणें हळूहळू सोडलें आणि दुसऱ्यांनीं बांधलेलें आणून विकण्याचें ठरविलें. १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत ती स्टुडबेकर, पिअर्स-ॲरो आणि ऑबर्न या अमेरिकन मोटारींची आयात करूं लागली. यांतील स्टुडबेकर कंपनीची हकीकत मोठी मनोरंजक आहे. तीही मूळची गाडीवाल्यांचीच. अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांतील साउथ बेंड या गांवीं स्टुडबेकर बंधूंनीं १८५२ सालीं घोड्यांच्या खटाऱ्यांचा कारखाना काढला, यादवी युद्धांत सैन्याला गाड्या पुरविल्या, आणि १९०२ पासून ते मोटारींकडे वळले. तेव्हां चाकें करणाऱ्या एका घराण्याचा माल दुसरें चाकें करणारें घराणें विकूं लागलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, एकाचा देश खंडाएवढा आणि दुसऱ्याचा एका प्रांताएवढा.

आतां आयातदार म्हणजे नेमकें काय करतो, हें थोडें तपशिलानें पाहूं. बाहेरून पाहणाराला त्याचें काम सोपें दिसतें: बोटीवरून गाडी उतरवावयाची, कांचेच्या खिडकीमागें उभी करावयाची आणि नफा घेऊन विकावयाची. वस्तुतः गाडी विकली जाण्याच्या कित्येक महिने आधीं त्याला ती मागवावी लागते. पुढच्या वसंतांत लोकांजवळ पैसा असेल कीं नाहीं, याचा अंदाज त्यानें हिंवाळ्यापूर्वींच बांधावयाचा असतो. मालाची किंमत कारखानदाराच्या देशाच्या नाण्यांत द्यावयाची आणि विक्री स्वदेशाच्या नाण्यांत करावयाची. मध्यंतरीं हुंडणावळ फिरली तर तोटा त्याचा. बेल्जमनें १९३५ सालच्या मार्च महिन्यांत आपल्या फ्रँकचें मोल एकदम २८ टक्क्यांनीं उतरविलें. त्यामुळें परदेशी मालाला जेथें शंभर फ्रँक पुरत तेथें एकशें चाळिसांच्या घरांत मोजावे लागणार, असा हिशोब झाला. एवढा धक्का सोसूनही दुकानाचें दार उघडें ठेवावयाचें, म्हणजे हा धंदा नुसत्या गोड बोलण्याचा नव्हे, हें ध्यानांत येईल.

याखेरीज गांवोगांवीं पोटविक्रेते नेमणें, त्यांच्या कारागिरांना नव्या इंजिनाची माहिती देणें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सुट्या भागांची कोठी राखणें हीं कामें असतात. त्या कोठींतील पुष्कळसा माल वर्षानुवर्षें धूळ खात पडतो. त्यांत गुंतलेल्या पैशावर व्याज मिळत नाहीं. तरीही तो ठेवावाच लागतो. कारण कोणत्या गाडीचा कोणता भाग केव्हां मोडेल हें कोणालाच सांगतां येत नाहीं. हौसेनें फिरावयास जाणाऱ्याची मोटार आठवडाभर बंद राहिली तर त्याची करमणूक चुकते. परंतु दूधवाल्याची, विटांच्या भट्टीवाल्याची किंवा भाजीपाला बाजारांत नेणाऱ्याची मालमोटार आठवडाभर बंद राहिली तर त्याच्या घरची चूल अडते. म्हणूनच मालमोटार विकत घेणारा शहाणा माणूस प्रथम रंग पाहत नाहीं, इंजिनही पाहत नाहीं. तो विक्रेत्याची कोठी पाहतो.

पुढें जें घडलें तें या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. या पेढीनें ज्या तीन कंपन्यांचा हात धरला, त्यांतील ऑबर्न १९३७ सालीं मोटारी करणें सोडून बसली. १९३८ सालीं पिअर्स-ॲरो बुडाली. स्टुडबेकर त्यांच्यापेक्षां पुष्कळ तगली. दुसऱ्या महायुद्धांत तिनें सहा चाकांच्या सुमारें दोन लाख लष्करी मालमोटारी काढल्या, आणि त्यांतील बहुतेक रशियाच्या रणांगणावर गेल्या. तेथील चिखलांत त्या गाड्यांनीं असें नांव मिळविलें कीं रशियन शिपायांच्या तोंडीं ‘स्टुडबेकर’ हा शब्द सर्रास झाला. तरीही या कंपनीनें १९६३ च्या डिसेंबरांत साउथ बेंडचा कारखाना आणि १९६६ सालीं कॅनडांतील कारखाना बंद करून मोटारधंद्याला रामराम ठोकला. तिन्ही कारखानदार गेले. त्यांचा माल विकणारी पेढी राहिली. कारखाना बुडाला म्हणजे त्याच्या गाड्या कांहीं त्याच दिवशीं रस्त्यावरून नाहींशा होत नाहींत. त्या पुढें दहा-पंधरा वर्षें चालावयाच्या असतात, आणि मालकांना ठोठावण्यास एकच दार उरतें, तें आयातदाराचें.

आतां या हकीकतींतील सर्वांत अवघड प्रसंगाकडे वळूं. १९४० सालच्या मे महिन्यांत जर्मन सैन्यानें बेल्जम पादाक्रांत केला. सव्वीस वर्षांच्या अवधींत हें दुसऱ्यांदां घडत होतें. लूव्हां येथील विद्यापीठाचें ग्रंथालय जर्मनांनीं १९१४ सालीं जाळलें होतें. तें पुन्हां बांधलें, आणि १९४० सालीं तेंही भस्मसात् झालें. चार वर्षांच्या अंमलानंतर ३ सप्टेंबर १९४४ रोजीं ब्रसेल्स मुक्त झालें. यानंतर चार वर्षेंही पुरतीं झालीं नव्हतीं, तोंच १९४८ सालच्या मार्च महिन्यांत प्येर डीतेरेन यांनीं जर्मनींतील फोक्सवॅगन कारखान्याशीं आयातीचा करार केला.

तो कारखाना कोणता, हें सांगितल्यावांचून या निर्णयाचें वजन कळणार नाहीं. वोल्फ्सबुर्ग येथील हा कारखाना नात्सी राजवटींत १९३८ सालीं सुरू झाला. युद्धकाळांत तेथें निरनिराळ्या देशांतून धरून आणलेल्या लोकांकडून सक्तीनें काम करवून घेतलें गेलें. युद्ध संपल्यावर तो ब्रिटिश लष्कराच्या ताब्यांत आला, आणि मेजर आयव्हन हर्स्ट नांवाच्या अधिकाऱ्यानें मोडतोड झालेल्या इमारतींतून पुन्हां गाड्या काढण्यास आरंभ केला. १९४८ च्या जानेवारींत कारखान्याचीं सूत्रें हाइनरिख नॉर्डहॉफ यांच्या हातीं आलीं. हे गृहस्थ पूर्वीं ओपेल कंपनीच्या मालमोटारींचा कारखाना चालवीत असत. मालमोटारींच्या धंद्यांत मुरलेल्या या माणसाला सुट्या भागांची व दुरुस्तीची किंमत ठाऊक होती. कोणत्याही देशांत आधीं दुरुस्तीची व्यवस्था लावावी आणि मग गाडी विकावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या वर्षीं सर्व मिळून सुमारें १९ हजार मोटारी त्या कारखान्यांतून बाहेर पडल्या.

कालपर्यंत ज्यांच्या लष्करी गाड्या आपल्या रस्त्यांवरून फिरत होत्या, त्यांचीच मोटार आपल्या शेजाऱ्यास विकावी काय? जखम ओली असतां व्यापार करणें हें निर्लज्जपणाचें कीं शहाणपणाचें? या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें आपल्या मनाशीं द्यावें. माझ्यापुरतें सांगावयाचें तर, मला दोन्ही बाजू दिसतात. ज्यांच्या घरचा माणूस परत आला नाहीं त्याला ती गाडी रस्त्यावर दिसतांच काय वाटलें असेल, याचा हिशोब कोणत्याही वहीखात्यांत मांडतां येत नाहीं. उलट, दोन शेजारी राष्ट्रांना कायमचें एकमेकांकडे पाठ करून राहतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें. आणि तहनामे करणाऱ्यांच्या आधीं पुष्कळदां व्यापारीच पहिलें पाऊल टाकतात. १९५१ सालीं बेल्जम आणि जर्मनी हे फ्रान्सादि राष्ट्रांबरोबर कोळसा व पोलाद यांच्या संघांत एकत्र आले. ही पेढी त्या वाटेनें तीन वर्षें आधींच चालूं लागली होती.

आयातदार हा कारखानदाराला केवळ गिऱ्हाईक आणून देत नाहीं, कधीं कधीं तो त्याला वस्तुही सुचवितो. याचें एक उदाहरण शेजारच्या हॉलंडांत घडलें. तेथील आयातदार बेन पॉन यांनीं वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यांत कामगारांनीं सामान वाहण्यासाठीं तयार केलेली एक सपाट गाडी पाहिली. २३ एप्रिल १९४७ रोजीं त्यांनीं आपल्या टिपणवहींत एक लहानसें चित्र काढलें: मागें इंजिन, पुढें चालक, मधें ७५० किलोचा माल. त्या चित्रावरून पुढें फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर नांवाची मालवाहू गाडी जन्माला आली आणि १९५० च्या मार्चपासून ती तयार होऊं लागली. पाववाला, रंगारी, धोबी, लहान दुकानदार अशा लाखो लोकांचा प्रपंच या गाडीवर चालला. ज्याला आपण मधला माणूस म्हणतों, त्याला गिऱ्हाइकाची अडचण कारखानदारापेक्षां अगोदर समजते, हाच याचा अर्थ.

इकडे डीतेरेन पेढीनें आणखी एक पाऊल टाकलें. १९४९ सालीं तिनें ब्रसेल्सच्या फोरे या उपनगरांत स्टुडबेकर गाड्या जोडण्याचा कारखाना उभारला. परदेशाहून तयार गाडी न आणतां तिचे भाग पेट्यांत भरून आणावयाचे आणि ते येथें जोडावयाचे, ही पद्धति. तिचे फायदे उघड आहेत. सुटे भाग जहाजावर थोडी जागा घेतात, तयार गाडीपेक्षां त्यांवर जकात कमी पडते, आणि देशांतील हातांना काम मिळतें. अँटवर्प बंदरांत फोर्डनें १९२२ मध्यें व जनरल मोटर्सनें १९२५ मध्यें हेंच केलें होतें. जनरल मोटर्सनें १९२८ पासून आपल्या मुंबईंतही याच रीतीनें मोटारी व मालमोटारी जोडण्यास आरंभ केला, हें आपल्या घरांतील वडील मंडळींकडून कोणीं कोणीं ऐकलें असेल. फोरेच्या कारखान्यांत १९५४ पासून फोक्सवॅगनच्या मोटारीही जोडल्या जाऊं लागल्या. अशा रीतीनें ज्या घराण्यानें बांधणें सोडून विकणें पत्करलें होतें, त्याच्या छपराखालीं पुन्हां हातोड्यांचा आवाज घुमूं लागला.

परंतु हा आवाज दुसऱ्याच्या हुकमाचा होता. भाग कोणते यावयाचे, किती यावयाचे, कोणती गाडी जोडावयाची, हें सारें वोल्फ्सबुर्गला ठरे. कारखाना वाढला तसें त्याला लागणारें भांडवलही वाढलें, आणि १९७० च्या सुमारास पेढीनें तो खुद्द फोक्सवॅगनलाच विकून टाकला. आयात व विक्री मात्र आपल्या हातीं ठेवली. व्यापाराच्या दृष्टीनें हा निर्णय अचूक होता, असें पुढील पन्नास वर्षांनीं सिद्ध केलें. पण तो कोणासाठीं अचूक होता, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

२००६ सालच्या नोव्हेंबरांत फोक्सवॅगननें फोरे येथील मुख्य मोटारीचें काम जर्मनींत नेण्याचें जाहीर केलें. चार हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्यांवर गदा आली, आणि डिसेंबरच्या आरंभीं ब्रसेल्सच्या रस्त्यांवरून हजारों माणसांचा मोर्चा निघाला. तेव्हां त्याच गटांतील आउडी कंपनीनें कारखाना आपल्याकडे घेतला, आणि थोडक्या कामगारांनिशीं तो पुन्हां सुरू झाला. २०१८ पासून तेथें विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होऊं लागल्या, तेव्हां भविष्यकाळच दारांत येऊन उभा राहिला असें लोकांना वाटलें. परंतु त्या महागड्या गाड्यांना पुरेशी मागणी राहिली नाहीं, आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं तो कारखाना कायमचा बंद झाला. सुमारें तीन हजार कामगार घरीं गेले. बेल्जमला हा अनुभव नवा नव्हता. फ्रेंच रेनॉल्ट कंपनीनें फिल्फोर्डे येथील कारखाना १९९७ सालीं, ओपेलनें अँटवर्पचा २०१० सालीं आणि फोर्डनें गेंकचा २०१४ सालीं बंद केला. गेंट येथें व्होल्व्होच्या मालमोटारी तयार होत आल्या आहेत, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

आणि डीतेरेन पेढी? ती आजही फोक्सवॅगनच्या मोटारी व मालवाहू गाड्या बेल्जमांत आणते. शिवाय १९९९ पासून मोटारींच्या फुटक्या कांचा दुरुस्त करणाऱ्या व बदलणाऱ्या बेलरॉन या जगभर पसरलेल्या कंपनींत तिचा मोठा वाटा आहे. २०२१ सालीं तिनें वखारींतून माल उचलणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग पुरविणाऱ्या एका बेल्जन कंपनींतही भागीदारी घेतली. हा क्रम पाहण्यासारखा आहे. चाकें करणें, गाड्या बांधणें, गाड्या विकणें, गाड्या जोडणें, आणि अखेर फुटलेलें सांधणें व मोडलेला भाग पुरविणें. यंत्र बनविणारे येतात व जातात. यंत्र मोडणें मात्र कधीं थांबत नाहीं. घाटांत अडकलेल्या गाडीच्या मालकाला जें पाहिजे असतें, त्याच गोष्टीवर या पेढीनें आपलें भवितव्य उभें केलें आहे.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? मला वाटतें, चांगला आयातदार हा गाडीच्या मालकाचा जामीनदार असतो, यांत शंका नाहीं. कारखानदार दूर असतो, त्याची भाषा निराळी असते, आणि उद्यां तो असेलच याची खात्री नसते. हा मधला माणूस मात्र गांवांतच असतो. त्याचें नांव दारावर लिहिलेलें असतें, आणि तें पुसलें जाऊं नये म्हणून त्याला शब्द पाळावा लागतो. गिऱ्हाइकाशीं दिलेला शब्द दोन शतकें पाळणें ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु जामीन घेतांना तो कोणासाठीं घेतला, हेंही पाहिलें पाहिजे. गाडीच्या मालकाला जामीनदार मिळाला. ती गाडी जोडणाऱ्या कामगाराला तो मिळाला नाहीं. १९३० नंतर सुतार-लोहारांचें कसब निरुपयोगी ठरलें, आणि २०२५ सालीं फोरेचा कामगार दारांत उभा राहिला, तेव्हां त्यांच्या मोडलेल्या आयुष्याचा सुटा भाग कोणाच्याही कोठींत शिल्लक नव्हता. हा दोष एकट्या पेढीचा आहे असें मी म्हणणार नाहीं. कारखाना तिनें विकला त्याला अर्धशतक लोटलें होतें. लहान देशानें मोठें यंत्र दुसऱ्याकडून घेतलें म्हणजे ज्याचें यंत्र त्याचाच शेवटचा शब्द, हा नियम आपल्यालाही लागू आहे. यंत्राला जामीनदार लागतो हें व्यापाऱ्यांनीं केव्हांच ओळखलें. माणसालाही तो लागतो, हें समाजानें आणि सरकारनें ओळखावयाचें अजून पुष्कळसें राहिलें आहे.

म्हणून यापुढें रस्त्यावरून एखादी मालमोटार जातांना दिसली म्हणजे तिच्या पुढच्या बाजूला कोरलेलें कारखानदाराचें नांव तर आपण वाचालच. पण मागच्या फळीवर बारीक अक्षरांत विक्रेत्याचें नांव असेल, तेंही वाचावें. आणि ती जोडणाऱ्या हातांचें नांव कोठेंच लिहिलेलें नसतें, याचीही आठवण ठेवावी.